जुन्या स्पिटफायरच्या डॅशबोर्डमागे

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझ्या ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन काटे एकदमच वर सरकले, पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा. टाकी जेमतेम निम्मी भरलेली, तरी काटा ‘फुल’च्या पुढे. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. इंडिकेटर लावला की मीटरमधले दिवे त्याच्या तालावर मंद-तेज व्हायला लागले. हे सगळं जूनच्या मध्याला निस्तरलं. या मधल्या महिन्यांत काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, कुठे अडलं आणि कशासाठी थांबावं लागलं ते लिहून ठेवतेय. मी सुरुवात केली तेव्हा जो तो एकच सल्ला देत होता, की सगळी वायरिंग काढून नवीन टाक. तो ऐकून आठवडाभर गाडीवरचं आच्छादनसुद्धा काढावंसं वाटलं नाही. वायरिंग अखेर बदलावी लागली नाही.

गाडी मार्क फोर, म्हणजे चौथी आवृत्ती, १९७३ ची. स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात निघाली. तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती यांचा आणि बांधणी कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यातली. आधीच्या मॉडेलांत मीटर डॅशच्या मध्यभागी असत. मार्क फोरमध्ये ते चालकासमोर आले आणि १९७३ च्या मॉडेलला लाकडी डॅश मिळाला. बिघाड शोधताना हे लाकूड महत्त्वाचं ठरतं. पत्र्याच्या डॅशमध्ये मीटर कसून बसवला की त्याला पत्र्यातूनच अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परतण्याची वाट, मिळतं. लाकडातून वीज जात नाही, त्यामुळे मीटरच्या दिव्यांना आणि मागच्या सगळ्या भागांना अर्थिंगसाठी काळ्या वायरीच लागतात. या वायरी एका मीटरवरून दुसऱ्यावर अशा साखळीने जातात आणि शेवटी एका ठिकाणी गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ते एक ठिकाण बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं. हे मला सुरुवातीला माहीत असतं तर निदान झोप तरी नीट लागली असती.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासली आणि ती प्रत्येकाने आधी तपासावी: इंजिन खरंच तापतंय का? काटा लाल पट्टीत असेल तर खोटं सिद्ध होईपर्यंत तो खरा मानायचा. मी गाडी थांबवली, इंजिन निवू दिलं, रेडिएटरमधलं पाणी बघितलं. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा गरम करून थर्मोस्टॅटच्या डब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. आकडा ८४ अंशांच्या आसपास स्थिर होता आणि काटा तेव्हाही बऱ्यापैकी वर होता. म्हणजे इंजिन ठीक होतं, खोटं बोलत होता तो काटा. आणि दोन वेगळे मीटर एकाच दिशेने, एकाच वेळी चुकत असतील तर दोन्ही एकदम बिघडण्यापेक्षा दोघांमध्ये सामाईक असलेली एखादी गोष्ट बिघडली असण्याचाच संभव जास्त.

ती सामाईक गोष्ट म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर, काडेपेटीपेक्षाही लहान पत्र्याची डबी. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पेट्रोलचा आणि तापमानाचा मीटर १२ व्होल्टवर थेट चालत नाहीत, कारण गाडीचा व्होल्टेज कधी १२ तर कधी १४ असतो आणि काटे त्यासोबत हलत राहिले असते. म्हणून ही डबी त्यांना सरासरी १० व्होल्ट पुरवते. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते, तिच्याभोवती तापणारी बारीक तार. पट्टी तापली की वाकते आणि संपर्क तुटतो, निवली की परत जुळतो. ही उघडझाप अखंड चालू असते. मीटर स्वतःही तापणाऱ्या पट्टीवरच चालतात आणि अतिशय सावकाश हलतात, त्यामुळे त्यांना ती जाणवत नाही, फक्त सरासरी कळते.

इथे माझा हात लगेच नवीन स्टॅबिलायझर मागवायला शिवशिवत होता. माझ्या ओळखीत एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अगं, दिवे लावल्यावर काटे आणखी वर जातात का?” मी त्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. रात्री बघितलं. हेडलाइटचा स्विच पहिल्या टप्प्यावर आणला, मीटरचे दिवे लागले आणि मिनिटाभरात दोन्ही काटे आणखी चढले. दिवे बंद केले की सावकाश खाली. काकांना सांगितलं तर म्हणाले, “मग काही विकत घेऊ नकोस. आधी मोज. आणि दिवे चालू ठेवून मोज, बंद गाडी काही सांगत नाही.”

मोजण्याआधी वायरिंगचा नकाशा हवा होता आणि पहिला विलंब तिथेच झाला. नकाशे वर्षागणिक बदलतात, कधी एकाच वर्षात मध्येच बदलतात. ज्यांच्याकडून छापील प्रत मागवली त्यांनी वर्षावरून पाठवायला नकार दिला आणि कमिशन नंबर मागितला. ट्रायम्फच्या गाड्यांची ओळख या नंबराने पटते, माझ्या मार्क फोरचा नंबर ‘एफएच’ने सुरू होतो आणि पाटीवर कोरलेला असतो. माझ्या पाटीवर रंगाचा थर होता, तो हळूच खरवडून नंबर वाचला, फोटो पाठवला, मग अर्ज पुढे सरकला. प्रत हातात पडायला मार्च उजाडला. तेव्हा पाटीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये आधीच काढून ठेवा. पुढे प्रत्येक सुट्या भागासाठी तोच मागतात.

नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि रंगीत पेन्सिलींनी रंगवला. या कामाला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण तिथूनच मला वायरिंग समजायला लागली. ब्रिटिश गाड्यांत रंगांना ठरलेली शिस्त आहे. तपकिरी वायर बॅटरीकडून सरळ येते, नेहमी जिवंत असते, म्हणजे तिच्यात कायम वीज असते, आणि तिच्यावर फ्यूज नसतो. पांढरी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते, तिच्यावरही फ्यूज नसतो. पांढरीची वीज फ्यूजमधून पार झाली की ती हिरवी होते: इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, वायपर, मीटर, हीटरचा पंखा हे सगळं हिरव्यावर. जांभळी नेहमी जिवंत, पण फ्यूजसकट. लाल म्हणजे बाजूचे आणि मागचे दिवे, लाल-पांढरी म्हणजे मीटरचे दिवे, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. हिरव्यावर काळी रेघ असेल तर ती पेट्रोलच्या मीटरकडून टाकीकडे जाते आणि निळी रेघ असेल तर तापमानाच्या मीटरकडून इंजिनाकडे. पन्नास वर्षांनी रंग उडतात, हिरवी आणि तपकिरी जवळजवळ सारख्या दिसतात. जोडाच्या रबरी टोपणाखाली मात्र मूळ रंग टिकलेला असतो. संशय आला की टोपण मागे सरकवून बघायचं.

मग मोजमाप. डॅश उघडण्याआधीच एक साधी चाचणी करता येते आणि तिच्यासाठी लागतो फक्त एक स्वस्त मल्टिमीटर आणि एक लांब वायर. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबाला पक्कं लावलं, मीटरचे दिवे चालू केले आणि लाल टोक एकेका अर्थिंगच्या जागी टेकवत गेले. अर्थिंग चांगलं असेल तर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. इंजिनाच्या ब्लॉकवर ०.०२ आला. आतल्या पत्र्यावर ०.०४. डॅशखालून हात घालून मीटरच्या मागच्या काळ्या वायरीच्या टर्मिनलवर टेकवलं, तर आकडा २.१ व्होल्ट. इंडिकेटर लावला तर तोच २.१ आणि २.६ मध्ये हेलकावे खायला लागला, बरोबर इंडिकेटरच्या तालावर.

तो आकडा बघितला तेव्हा फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं, कारण सगळी लक्षणं एका झटक्यात जुळली. स्टॅबिलायझर १० व्होल्ट पुरवतो ते स्वतःच्या अर्थिंगच्या पातळीवरून मोजून. ती पातळीच दोन व्होल्ट वर उचलली गेली असेल तर मीटरला प्रत्यक्षात १२ व्होल्ट मिळतात. तापणाऱ्या तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० ऐवजी १२ झाले की उष्णता जवळजवळ दीडपट. काटा वर जाणारच. दिवे लावले की त्याच खराब जोडातून आणखी वीज जाते, पातळी आणखी चढते, काटे आणखी वर. इंडिकेटरचा छोटा दिवाही त्याच जोडातून परततो, म्हणून बाकीचे दिवे त्याच्या तालावर मिचमिचतात. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की डॅशच्या मागचा गुंता तितका भीतीदायक वाटत नाही.

आता डॅश उघडायचा होता. त्याआधी सुरक्षिततेबद्दल लिहिते आणि हे वरवर वाचू नका. तपकिरी वायरीवर फ्यूज नसतो. डॅशमागे पाना किंवा स्पीडोमीटरची धातूची केबल तपकिरी टर्मिनलला आणि पत्र्याला एकाच वेळी लागली तर थांबवणारं काहीच नाही, वायर लाल होऊन सगळी जुडी जळू शकते. म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढायची, आणि ती अशी बांधून ठेवायची की घसरून परत टेकणार नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. चाचणीसाठी वीज लागतेच, तेव्हा काकांनी सांगितलेली युक्ती करायची: बॅटरीचा ऋण खांब आणि ती काढलेली तार यांच्यामध्ये ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब जोडायचा. कुठे शॉर्ट झाला तर सगळी वीज त्या बल्बमधून जाते, बल्ब भगभगीत पेटतो आणि दोन अँपिअरसुद्धा पुढे जात नाहीत. वायर जळत नाही. सगळं बंद असताना बल्ब विझलेला राहिला तर मनाला केवढी शांतता मिळते!

मीटर काढायला जड काम नाही, पण घाई चालत नाही. आधी स्पीडोमीटरची केबल सोडवायची, मग मागच्या कंगोऱ्यांच्या नट हाताने फिरवून काढायच्या, कंस बाजूला करायचा आणि मीटर पुढून अलगद ओढायचा. लाकडावरचा पातळ थर जुना झाला की कडांना सुटतो, म्हणून मीटरभोवती कागदी चिकटपट्टी लावून घेतली होती. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो आणि प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी. फोटो काढताना चिठ्ठीचा आकडा आणि टर्मिनल दोन्ही एका चौकटीत येतील असं बघा, नाहीतर नंतर नुसत्या वायरींचे फोटो उरतात.

आणि मग ते सापडलं. काळ्या वायरींची साखळी जिथे संपत होती तिथे एक गोल कडीचं टर्मिनल पत्र्याच्या कंसाला स्क्रूने लावलेलं होतं. बाहेरून बघता अगदी व्यवस्थित. स्क्रूही घट्ट. पण कडीच्या मानेत, जिथे तांब्याच्या तारा दाबून बसवलेल्या असतात, तिथे हिरवा कळंक चढलेला होता, आणि वायर बोटांनी हलकेच फिरवली तर ती मानेत फिरत होती. आवरण मागे सोललं तर आतल्या तारा काळ्याभोर, नखाने दाबल्यावर दोन-तीन तुटल्या. बाकीच्या तारांवरच सगळ्या मीटरचा भार होता. स्क्रू घट्ट आहे म्हणून हा जोड बरा आहे असं कोणीही म्हटलं असतं. तुम्ही बघाल तेव्हा प्रत्येक कडी हातात धरून वायर ओढून बघा.

तारांचं काळवंडलेलं टोक कापत गेले तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा जास्त लांबीनंतर चकचकीत तांबं लागलं. त्यावर नवीन कडी क्रिंप केली, म्हणजे पक्कडीने दाबून बसवली. कंसावरचा रंग आणि गंज कडीपुरता खरवडून धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला, वरून थोडं ग्रीस. शिवाय एक नवीन काळी वायर त्या जोडापासून थेट मूळ अर्थिंगच्या ठिकाणी नेली, म्हणजे साखळीचं एक टोक सुटलं तरी दुसरं राहील. मूळ नकाशात ती नाही. मूळपणाबद्दल काटेकोर असणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण मला ही गाडी चालवायची आहे. क्रिंप करायला चांगली रॅचेटची पक्कड घेतली. या सगळ्या कामात सर्वांत मोठा खर्च तोच झाला आणि तो पैसा सार्थकी लागला. साध्या पक्कडीने चेपलेला जोड आज चालतो आणि दोन वर्षांनी सुटतो.

मल्टिमीटर पुन्हा लावला. २.१ च्या जागी ०.०५. इंडिकेटर लावल्यावरही आकडा जागचा हलला नाही.

डॅश उघडाच होता म्हणून बाकीचंही बघून घेतलं, आणि बरं झालं बघितलं. पूर्वी कोणीतरी रेडिओ बसवताना तपकिरी वायरीवर चिमटा कनेक्टर लावून तिथून वीज घेतली होती. हे कनेक्टर वायरीचं आवरण कापून आतल्या तारांना धरतात, आणि धरताना त्यातल्या काही तोडतात. तपकिरी वायर, फ्यूज नाही, आणि कनेक्टरजवळचं आवरण ऊबेने मऊ पडून चकाकत होतं. काट्यांचा त्रास झाला नसता तर हे कधीच दिसलं नसतं, आणि मला वाटतं गाडीला खरा धोका इथेच होता. कनेक्टर काढला, वायर दुरुस्त केली, रेडिओची वायर जांभळीवर नेली आणि मध्ये स्वतंत्र लहान फ्यूज घातला. तुमच्या गाडीत नंतर बसवलेला रेडिओ, घड्याळ, गजर असं काही असेल तर त्याची वीज कुठून घेतली आहे ते आधी शोधा.

आता स्टॅबिलायझर. अर्थिंग सापडलं होतं, काटे शहाण्यासारखे वागत होते, तरी मला ती डबी टेबलावर तपासायची होती, कारण दिवसाउजेडीही काटे कधीमधी जरा जास्तच वर जात असत आणि त्याचं पूर्ण उत्तर मिळालं नव्हतं. चाचणी सोपी आहे. ‘बी’ लिहिलेल्या टर्मिनलला बॅटरीची धन बाजू, डबीच्या अंगाला ऋण, आणि ‘आय’ टर्मिनलपासून ऋणाकडे मीटरमधलाच एक छोटा बल्ब. डिजिटल मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, त्याचा आकडा शून्य आणि बारामध्ये उड्या मारतो. बल्ब सुरुवातीला काही क्षण सलग पेटला, मग नियमित मिचकावू लागला. उत्तम. पण मी तो तसाच चालू ठेवून दुसरं काम करत बसले, आणि डबी चांगली गरम झाल्यावर मिचकावणं मध्येच थांबलं. बल्ब सलग पेटलेला. डबीला टिचकी मारली की परत सुरू. आतले संपर्क झिजून चिकटत होते. थोडक्यात दोष दोन होते, एकमेकांवर बसलेले, आणि पहिला सापडल्यावर थांबले असते तर दुसऱ्याने उन्हाळ्यात परत रडवलं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मागवला. बाहेरून तसाच दिसतो, आत उघडझाप करणारे संपर्क नसतात. जुन्या डबीला धन-ऋणाचा फरक पडत नसे, इलेक्ट्रॉनिक डबीला पडतो. माझ्या गाडीत बॅटरीची ऋण बाजू पत्र्याला जोडलेली आहे, पण त्याआधीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन बाजू जोडलेली असे, म्हणून दोन्ही प्रकार विकले जातात. मी ऋणाचा मागवला आणि पाकिटावर लिहिलेलं होतं धनाचं. बसवण्याआधी पाकीट वाचलं हे बरं, कारण उलटा जोडला की तो तत्काळ मरतो.

परत करण्याच्या सोपस्कारात जवळजवळ पाच आठवडे गेले. विक्रेत्याच्या नियमात लिहिलेलं होतं की विजेचे सुटे भाग परत घेतले जात नाहीत. बरेच विक्रेते हा नियम ठेवतात, कारण चुकीचा जोडून जाळलेला भागही लोक परत पाठवतात. मी लिहिलं की भाग वापरलेला नाही, मागणीपत्रात ऋण नोंदवलेलं आहे आणि पाकिटावर धन छापलेलं आहे. उत्तर आलं, परतीचा अर्ज भरा. अर्ज भरला. मग पावतीची प्रत मागितली. मग न उघडलेल्या पाकिटाचा फोटो, ज्यात छापील क्रमांक आणि मोहोर दोन्ही दिसतील. मग परवानगीचा क्रमांक आला, तो पाकिटाच्या बाहेर लिहायचा होता, आत नव्हे. पाठवणीचा खर्च आधी माझ्याकडून, नंतर भरपाई. ती मिळाली. या प्रकारात मन कडवट होतं, पण कागद नीट असले की काम होतं एवढं सांगते. भाग आला की पाकीट न फोडता लेबल वाचा, लगेच फोटो काढा आणि मागणीपत्राशी ताडून बघा.

या वाट बघण्याच्या काळात बल्ब बदलले. मीटरमध्ये २.२ वॉटचे आट्याचे छोटे बल्ब असतात, निम्मे काळवंडलेले होते. त्यांच्या पितळी होल्डरच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, कारण होल्डर मीटरच्या अंगाला टेकतो तिथूनच बल्बला अर्थिंग मिळतं. एलईडी लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. मीटर उजळायला लावा हवं तर, पण चार्जिंगच्या लाल दिव्यात मात्र साधा तारेचाच बल्ब ठेवा. तो दिवा नुसता इशारा देत नाही, त्याच्यातून जाणारी थोडी वीज अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीला जागं करते. तिथे एलईडी बसवला किंवा तो बल्ब उडाला तर इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते, आणि लोक बिचाऱ्या अल्टरनेटरला दोष देत बसतात.

फ्यूजबद्दलही एक. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण ते ३५ म्हणजे तो उडतो तो आकडा. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७ अँपिअरच आहे. आजच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणारा आकडा लिहितात. म्हणून जुना ३५ चा उडाला आणि त्याजागी आजचा ३५ चा घातला तर वायर आधी जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. माझ्या गाडीत तिन्ही फ्यूज असेच नव्या पद्धतीचे ३५ चे निघाले. बरोबर क्षमतेचे काचेचे फ्यूज आणून घातले, धरणारे पितळी चिमटे साफ करून किंचित आत दाबले.

बरोबर स्टॅबिलायझर मेच्या उत्तरार्धात आला. तो बसवून, एकेक मीटर जागेवर घालून, प्रत्येक पायरीनंतर तो २१ वॉटचा बल्ब बघत पुढे गेले. शेवटी बल्ब काढला, बॅटरीची तार लावली, आणि तिथेच एक फिरवून तोडता येणारा स्विच कायमचा बसवला. गाडी उभी असते तेव्हा बॅटरी आता पूर्ण तुटलेली असते. मीटरची तपासणीही केली: तापमानाच्या सेन्सरवरची वायर काढून क्षणभर पत्र्याला टेकवली की काटा पूर्ण वर जायला लागतो, सोडली की खाली. काटा हलायला लागला की लगेच सोडायची, धरून ठेवली तर मीटरची तार जळू शकते. टाकीजवळ असली ठिणगीची चाचणी अजिबात करू नका.

विम्याचं एक प्रकरण मधे होतं. माझी पॉलिसी आधी ठरवलेल्या किमतीची आहे आणि तिच्या अटींत गाडीतले बदल कळवायचे असतात. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर, जादा अर्थिंग आणि बॅटरीचा स्विच हे बदल की दुरुस्ती, हे मला ठरवता येईना, म्हणून सरळ पत्र लिहून विचारलं. सोबत पावत्या, आधीचे-नंतरचे फोटो आणि अर्थिंगच्या मोजमापाचे आकडे जोडले. सुमारे दोन आठवड्यांनी लेखी उत्तर आलं की नोंद घेतली, हप्ता तोच. तो कागद आता गाडीच्या फाइलमध्ये आहे. फोनवर होकार मिळाला तरी लेखी मागा.

एकूण खर्च नवीन हार्नेसच्या, म्हणजे वायरिंगच्या सबंध जुडीच्या, किमतीच्या जवळपासही गेला नाही, आणि त्यातलाही मोठा वाटा पक्कड, मल्टिमीटर अशा हत्यारांचा, जी पुढेही राहतील. वेळ मात्र लागला. बराचसा वेळ पाकिटांची वाट बघण्यात गेला, आणि त्या दिवसांत उघडा डॅश बघून काळजी वाटायची की हे परत जुळेल का. चिठ्ठ्या आणि फोटो होते म्हणून जुळलं.

जूनच्या मध्याला रात्री सगळे दिवे, वायपर आणि इंडिकेटर लावून लांब फेरी मारली. तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली थांबला आणि तिथेच राहिला. पेट्रोलचा काटा पावावर दाखवतो तेव्हा टाकीत प्रत्यक्षात थोडं जास्त असतं. ठरावीक लिटर भरत जाऊन कोणत्या खुणेला किती असतं ते वहीत लिहिलं आहे, टाकीच्या युनिटला सध्या हात लावणार नाही. हीटरचा पंखा अजून कधीकधी दुसऱ्यांदा स्विच दाबल्यावर सुरू होतो. तोही हिरव्यावरच आहे. येत्या सुट्टीत मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीला लावून तिथूनच सुरुवात करणार आहे, आधी त्याची काळी वायर, मग स्विच.